वैरण पावसाळ्यापर्यंत कशी पुरवावी: महाराजांच्या पत्रातली शिस्त

आज आहे म्हणून दाणा-गवत वाटेल तसं उधळलंत, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना दिलेल्या ताकिदीचा हा मतलब. सोलापूर जिल्ह्यात ज्याच्या दावणीला दोन जनावरं आहेत, त्याने हे पत्र गोठ्यातच लावावं.

आधी दिवस मोजा. रब्बी ज्वारी निघून मार्चच्या मध्याला कडबा घरी येतो. मृगाकडे बघून जूनपर्यंतचाच हिशेब धरू नका. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. हिरवा चारा हाती येईपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत, साधारण 150 दिवस धरा. एका जनावराला रोज 6 किलो कोरडी वैरण धरली, तर दोघांना 1,800 किलो लागते. दहा पेंढ्या काट्यावर घालून सरासरी काढा, म्हणजे पेंढ्यांचा आकडा कळेल. कमी पडतंय असं दिसलं, तर मार्चातच विकत घ्या. मे महिन्यात भाव आपल्या हातात नसतो.

मग रतीब बांधा. रोजच्या पेंढ्या सकाळीच वेगळ्या काढायच्या आणि कुट्टी करूनच घालायच्या. अख्खा कडबा टाकला की जनावर पाला खाऊन धाटं तुडवतं.

आगीबद्दल महाराज फार बारकाईने लिहितात. कोणी चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढेल, रात्री दिवा तसाच राहील, उंदीर पेटती वात पळवील, गवताला आग लागेल आणि पागा जळेल. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराचाही विचार करतो! आपल्याकडे वातीच्या जागी वायर आली, उंदीर तोच आहे. म्हणून कडब्याची गंज घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब, दगडांवर उंच रचा. गोठ्यातली उघडी वायर पाइपात घाला. चुलीतली राख पाणी मारल्याशिवाय उकिरड्यावर टाकू नका. एप्रिलच्या वाऱ्यात एक निखारा पुरतो. बिडी ओढणारा पाहुणा असो की सासरा, त्याला गंजीपासून उठवायचं.

कमी पडलं म्हणून शेजाऱ्याच्या बांधावर विळा चालवायचा नाही. जे हवं ते बाजारातून विकत आणा, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, असं पत्रात स्पष्ट आहे. शिवजयंतीला भाजीवालीकडून दमदाटीने वर्गणी काढणाऱ्या पोरांनाही हा भाग वाचून दाखवायला हरकत नाही.

शेवटी, जबाबदारी माणसागणिक वाटून द्या. पेंढ्या कोण मोजणार, रात्री गोठ्यातला दिवा कोण बघणार, हे घरात ठरवा आणि दर रविवारी उरलेल्या पेंढ्यांचा आकडा वहीत मांडा. हिशेबापेक्षा जास्त गेल्या असतील, तर त्याच आठवड्यात बाजार गाठा.