पीक हातचे गेल्यावर पुढचे महिने कसे काढावेत

काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहते, शेंगा काळ्या पडतात आणि सोलून पाहावे तर आतल्या दाण्यांना जागच्या जागी कोंब फुटलेले असतात. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील असंख्य घरांनी हे पाहिले. नदीकाठच्या काही शिवारांत तर पिकाबरोबर मातीही खरवडून गेली. अशा वेळी भेटायला येणारा प्रत्येक जण ‘धीर धरा’ म्हणतो, पण धीर धरायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

पहिले काम पुराव्याचे आहे आणि मन कितीही उडालेले असले तरी ते टाळू नये. शेतातले पाणी ओसरण्यापूर्वी, गट क्रमांक ओळखता येईल अशा खुणांसह छायाचित्रे काढून ठेवावीत. तलाठी व कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा घरातील कोणीतरी बांधावर हजर असावे आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या सरकारी मोबाइल नोंदणीत, आपल्या पिकाची नोंद आहे का, हे तपासून घ्यावे. सरकारी मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के असावे लागते, म्हणून पंचनाम्यात किती क्षेत्र व किती नुकसान लिहिले गेले, हे तिथेच विचारावे. पीकविम्याचे नियम हंगामागणिक बदलतात. ज्या हंगामात विम्यात स्थानिक आपत्तीचे, म्हणजे शेतात पाणी साचण्यासारख्या ठरावीक शेतांपुरत्या नुकसानीचे, संरक्षण असते, त्या हंगामात नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कळवणे बंधनकारक असते. विमा कंपनीला कळवल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

यापुढचे काम सर्वांत अवघड आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही. बहुतेक घरांत कर्जाचा खरा आकडा एकट्या कर्त्या पुरुषाला ठाऊक असतो. बँकेचे पीककर्ज घरात माहीत असते, पण कृषी सेवा केंद्राची उधारी, सोनेतारण, पाहुण्यांकडून हातउसने घेतलेले आणि सावकाराचे पैसे तो मनातच ठेवतो. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही तो या लपवलेल्या आकड्यामुळे. मुलाच्या वहीतले एक कोरे पान घ्यावे आणि बायको, आईवडील व जाणती मुले यांच्यासमोर कोणाचे किती, व्याज किती, कधी द्यायचे, हे सगळे लिहून काढावे. कर्ज त्याने कमी होत नाही. मात्र तीन महिन्यांत द्यायलाच हवे ते आणि वर्षभर थांबू शकेल ते, असे दोन भाग पडतात, आणि एरवी डोंगराएवढ्या वाटणाऱ्या रकमेतले नेमके किती तातडीचे आहे ते दिसते. घरातल्या स्त्रीला बचत गटाचा हिशेब ठेवण्याची सवय असते. हे पान तिच्या हाती राहू द्यावे.

ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांना तोंड चुकवू नये, आपण होऊन भेटावे. आपत्ती जाहीर झाली असेल तर बँकेकडे पीककर्जाच्या पुनर्गठनाची, म्हणजे परतफेडीची मुदत वाढवून नव्याने हप्ते बांधून देण्याची, मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, व्याज चालूच राहते, हे समजूनच सही करावी. जुने कर्ज फेडायला सावकाराकडून नवे काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. परवाना नसलेल्या सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत तसे सिद्ध झाल्यास जमीन परत मिळू शकते.

या धावपळीत मनाकडे दुर्लक्ष होते. जेवण तुटणे, बोलणे बंद होणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे शब्द तोंडून निघणे, यांतले काहीही दिसले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. कीटकनाशकांचे डबे घरातून हलवून किल्ली दुसऱ्या विश्वासू माणसाकडे द्यावी. संकटाचा तीव्र क्षण बऱ्याचदा ओसरणारा असतो, आणि त्या क्षणी विष हाताशी नसल्याने जीव वाचतात. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.

शेजारी आणि भाऊबंद यांच्यासाठीही काम आहे. केवळ विचारपूस करून परतू नये. बँकेत जायचा दिवस ठरवून त्या माणसासोबत जावे, वाफसा आल्यावर हरभऱ्याच्या पेरणीला आपली अवजारे द्यावीत आणि मुलांची शाळा सुटणार नाही यासाठी शिक्षकांशी बोलावे. भेटीगाठी पहिल्या आठवड्यात खूप होतात, पण वसुलीच्या नोटिसा त्यानंतर काही महिन्यांनी येऊ लागतात. सोबतीची खरी गरज तेव्हा असते, म्हणून ती तारीख भावकीतल्या एखाद्याने आपल्या दिनदर्शिकेवर आताच लिहून ठेवावी.