दोन लांबच्या शहरांमधलं विमानाचं अंतर आणि लागणारा खरा वेळ कसा काढायचा

सगळ्यात आधी, सपाट नकाशावर सरळ रेघ मारून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे जवळचा रस्ता नकाशावर वाकडाच दिसतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा आणि मग तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवून किती अंश भरतात ते बघा, एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. लंडन ते टोकियो करून बघा, दोरा थेट सायबेरियावरून जातो, आणि अंतर येतं जवळपास ९,६०० किमी. गोल नसेल तर गुगल अर्थमधल्या मोजपट्टीने पण हेच मिळतं.

आता वेळ. मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी ८५० ते ९०० किमीने जातं, पण सुरुवातीला रनवेपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, शेवटी उतरणं यातही वेळ जातो, म्हणून मी सरळ ८५० ने भागते आणि वर अर्धा तास धरते. ९,६०० भागिले ८५० म्हणजे सव्वाअकरा तास, अधिक अर्धा, झाले पावणेबारा. पूर्वी या रूटला खरंच बारा तासांच्या आसपास लागायचे. पण २०२२ पासून रशियाची हवाई हद्द ब्रिटिश आणि जपानी कंपन्या वापरत नाहीत, वळसा घालून जावं लागतं, त्यामुळे आता साधारण १४ तास धरा. म्हणूनच आपला हिशोब झाला की फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्या फ्लाइटला गेल्या काही दिवसांत प्रत्यक्षात किती वेळ लागला ते नक्की बघा, हे खूप महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच लोक करत नाहीत.

वाऱ्याचाही फरक पडतो. वर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठेक तास आणि येताना सातच्या आसपास, अंतर तेच असूनही.

घड्याळाचा घोळ सगळ्यांचाच होतो. तिकिटावर निघायची वेळ निघतो त्या शहराची असते आणि पोचायची वेळ पोचतो त्या शहराची, म्हणून दोन्हीची नुसती वजाबाकी करायची नाही. हिवाळ्यात टोकियो लंडनच्या ९ तास पुढे असतं. लंडनहून सकाळी १० ला निघालात, १४ तास गेले, लंडनमध्ये मध्यरात्र झाली, त्यात ९ मिळवा, म्हणजे टोकियोत दुसऱ्या दिवशी सकाळचे ९. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ एक तास पुढे जातं, जपानचं जात नाही, मग फरक ८ च राहतो. तिकिटावर वेळेशेजारी छोटासा ‘+१’ असतो तो दुसऱ्या दिवसाचा, आई-बाबांना घ्यायला कोणी येणार असेल तर त्यांना तारीख स्पष्ट लिहून पाठवा, माझ्या मावशीला घ्यायला आम्ही एक दिवस आधीच जाऊन उभे होतो.

मध्ये विमान बदलायचं असेल तर थांब्याचे तास वेगळे मिळवा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा घेऊन परत चेक-इन करावं लागू शकतं, आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढचं कोणी थांबवत नाही, तेव्हा मी तरी चार तासांच्या खाली जात नाही.