आधी साल ठरवावे, मग भूत : व्हिक्टोरियन काळातील अतींद्रिय प्रेमरहस्यकथा कशी रचावी

व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द जून १८३७ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी १९०१ मध्ये तिच्या मृत्यूबरोबर संपली. या साडेत्रेसष्ट वर्षांना ‘व्हिक्टोरियन काळ’ असे एकच नाव पडल्यामुळे कादंबरी लिहायला बसलेल्या लेखकाची फसगत होते. धुके, घोड्यांची बग्गी, गॅसचा दिवा, काळ्या पोशाखातली स्त्री आणि जिन्यावर वाजणारी पावले एवढी सामग्री जमली की काळ उभा राहिला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात उभा राहतो तो नाटकाचा रंगवलेला पडदा. १८४० सालच्या लंडनमध्ये भुयारी रेल्वे नव्हती, १८९० सालच्या लंडनमध्ये विजेचे दिवे आणि टेलिफोन दोन्ही येऊन पोहोचले होते, आणि मधल्या पन्नास वर्षांत विवाहाचे, विषविक्रीचे आणि फाशीचे कायदेही बदलले होते. म्हणून अतींद्रिय प्रेमकथा आणि रहस्यकथा यांची गुंफण करू पाहणाऱ्यांना माझा पहिला आग्रह असा की भुताचा विचार करण्यापूर्वी साल ठरवावे. साल नेमके निवडले तर अर्धे कथानक तेच पुरवते.

उदाहरणादाखल १८६८ हे साल घेऊ. त्या वर्षीच्या मे महिन्यात डॅनियल डंग्लस होम या गाजलेल्या माध्यमाविरुद्धच्या, म्हणजे मृतांचे आत्मे आपल्यामार्फत बोलतात असे सांगणाऱ्या माणसाविरुद्धच्या, दाव्याचा निकाल लंडनमध्ये लागला. जेन लायन या श्रीमंत वृद्ध विधवेने, आपल्या मृत पतीच्या आत्म्याचीच तशी आज्ञा आहे या समजुतीने, होमला मुलगा मानले होते आणि सुमारे ६०,००० पौंडांची संपत्ती त्याच्या नावे केली होती. न्यायालयाने ती परत करण्याचा हुकूम दिला. त्याच महिन्यात न्यूगेट तुरुंगाबाहेर इंग्लंडमधली शेवटची जाहीर फाशी झाली आणि त्यानंतर फाशीचा खांब तुरुंगाच्या भिंतीआड गेला. विषांच्या विक्रीवर नवे निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षी संमत झाला. प्लँचेटचे वेड पसरले तेही याच सुमारास. मात्र मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्लँचेट म्हटले की अक्षरांच्या वर्तुळात सरकणारी वाटी येते, तर त्या काळचे प्लँचेट म्हणजे दोन चाकांची छोटी लाकडी फळी असे, तिच्या टोकाला पेन्सिल अडकवलेली असे आणि ती कागदावर थेट लिहीत असे. अक्षरे छापलेला वीजा बोर्ड अमेरिकेत १८९० च्या आसपास बाजारात आला, त्यामुळे १८६८ च्या दिवाणखान्यात तो दिसला की जाणत्या वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. बोटांच्या ठशांचेही तसेच आहे. ठशांची कचेरी कलकत्त्यात १८९७ साली आणि स्कॉटलंड यार्डात १९०१ साली सुरू झाली. १८६८ चा गुप्त पोलीस पेल्यावरच्या ठशांकडे बघणारही नाही.

आता कथानकाची गाठ. या कथाप्रकारात नवखे लेखक सहसा तीन स्वतंत्र गोष्टी एकमेकींना शिवतात : एक खून, एक प्रेम आणि एक भूत. शिवण अर्थातच दिसते. त्याऐवजी या तिन्हींचे मूळ एकाच प्रश्नात असावे, आणि तो प्रश्न त्या काळातच पडू शकेल असा असावा. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मृत पत्नीच्या बहिणीशी केलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरत होते आणि हा कायदा १९०७ पर्यंत टिकला. परदेशात जाऊन लग्न लावण्याची पळवाटही १८६१ साली लॉर्डांच्या सभागृहाने एका निवाड्यात बंद केली. समजा, १८६६ च्या उन्हाळ्यात एडिथ नावाची विवाहिता मरण पावते, तिची धाकटी बहीण हॅना मुलांना सांभाळण्यासाठी त्या घरात येऊन राहते आणि दोन वर्षांत एडिथचा नवरा थॉमस व हॅना यांच्यात जीव गुंततो. हे प्रेम कायद्याला मान्य नाही, एडिथच्या मृत्यूचा संशय या प्रेमामुळेच थॉमसवर येतो, आणि त्या घरात येणारा आत्माही एडिथचाच आहे. तीन धागे आणि गाठ एक.

इथे मराठी लेखकापुढे एक विशेष अडचण उभी राहते. बायको वारली की तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न लावून देणे ही आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांत सर्वसाधारण रीत होती; मुलांना परकी सावत्र आई येण्यापेक्षा मावशी बरी, असा त्यामागचा हिशेब होता. ‘भावोजी’ या शब्दात भाऊ असूनही ते लग्न कधी अडले नाही. इंग्रजी कायदा मात्र पत्नीच्या बहिणीला सख्ख्या बहिणीच्या जागी धरत होता. ही निषिद्धता वाचकाच्या अंगावर आली पाहिजे, आणि निवेदकाने तिचे व्याख्यान देऊन ती येणार नाही. पाद्र्याने चहाच्या टेबलावर सहज काढलेले उद्गार, मोलकरणींची कुजबुज, किंवा हॅनाने परत घरी यावे म्हणून आईने लिहिलेले तिसरे पत्र यांतून ती यावी. गंमत अशी की मेहुणी घरात राहते यावर समाजाचा आक्षेप नव्हता, कारण ती बहीणच मानली जात होती; कायदा बदलला तर तिला अशा घरात निर्धास्त राहता येणार नाही, असा युक्तिवाद कायद्याचे समर्थक करीत असत. एकाच छपराखाली राहण्याची मुभा आणि लग्नाला बंदी, या दोहोंच्या मध्ये प्रेमकथेला हवा तेवढा दाह सापडतो.

भुताचे नियम ठरवणे हे यापुढचे काम, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. रहस्यकथेत भूत आणले की पहिल्याच पानावर प्रश्न उभा राहतो : मेलेल्या माणसाने खुन्याचे नाव सांगून का टाकू नये? त्यावर ‘आत्म्याला बोलण्याची शक्ती अपुरी पडते’ किंवा ‘तो फक्त कोड्यांत बोलतो’ अशी उत्तरे देणारे लेखक वाचकाच्या हातावर तुरी देत असतात. चोख उत्तर एकच, की भुतालाच ते ठाऊक नाही. एडिथला जिवंतपणी जेवढे माहीत होते तेवढेच तिच्या आत्म्याला माहीत असावे. सोमल, म्हणजेच आर्सेनिक, थोडे थोडे पोटात गेले तर उलट्या, जुलाब आणि पोटातली कळ दिसते. १८६६ साली लंडनच्या पूर्व भागात पटकीने, म्हणजेच कॉलऱ्याने, ५,००० हून अधिक माणसे दगावली होती आणि अशा उन्हाळ्यात पटकीसारख्या लक्षणांनी झालेल्या मृत्यूबद्दल घरच्या डॉक्टरने फारशी चौकशी न करता दाखला लिहून दिला तर ते स्वाभाविक होते. म्हणजे आपण आजाराने गेलो असेच एडिथ समजते. ती परत येते ती सूड घ्यायला नव्हे, तर मुलांच्या काळजीने. आणि आपला खून झाला हे तिला पहिल्यांदा कळते ते हॅनाकडून. जिवंत बहिणीने मेलेल्या बहिणीला ही बातमी द्यावी, असा प्रसंग ज्या कादंबरीत लिहिता येतो तिला किंकाळ्यांची गरज उरत नाही.

एडिथला आठवते ते फार तर एवढेच की शेवटच्या आठवड्यातल्या दुधाला किंचित निळसर छटा होती. हा तपशील मनाने रचण्याची गरज नाही, कारण तो १८५१ च्या सोमल कायद्यात तयार आहे. त्या कायद्याने विक्रेत्याला प्रत्येक विक्रीची नोंद वहीत करणे भाग होते, गिऱ्हाईक अनोळखी असेल तर ओळखीचा साक्षीदार लागत होता, आणि किरकोळ विकल्या जाणाऱ्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळणे सक्तीचे होते, जेणेकरून ती पांढरी पूड साखर किंवा पीठ म्हणून कुणाच्या पोटात जाऊ नये. रंगामुळे ज्या कामाला ते निरुपयोगी ठरेल त्या कामासाठी बिनरंगी सोमल मिळे, पण मग एका वेळी किमान १० पौंड वजनाचे घ्यावे लागे. या एका कलमात रहस्यकथेची कितीतरी वळणे दडलेली आहेत. थॉमसच्या गावाकडच्या वाडीवर मेंढ्या धुण्यासाठी बिनरंगी सोमलाचे पिंप असेल, तर दूध निळसर दिसलेच कसे? ज्याच्या हाताशी बिनरंगी विष होते तो नीळ घातलेले विकत घेणार नाही. थॉमसला फासावर नेऊ शकणारे पिंपच त्याला सोडवते, आणि खरा खुनी कुठल्यातरी औषधवाल्याच्या वहीत, बहुधा खोट्या नावाने पण खऱ्या हस्ताक्षरात, सापडतो. प्रेत उकरून काढल्यावर करायची मार्शची चाचणी १८३६ पासून उपलब्ध होती. तिच्यात सोमल असेल तर थंड चिनी मातीवर किंवा काचेवर आरशासारखा चकाकणारा काळसर डाग उमटतो. अतींद्रिय कथेला याहून चांगला आरसा कोणता मिळणार?

मात्र भूत खरे आहे याची पूर्ण खात्री वाचकाला लवकर देऊ नये. त्या काळात संशयवादही तितकाच जोरात होता. टेबले आपोआप फिरतात या समजुतीची परीक्षा मायकेल फॅरडेने १८५३ सालीच घेतली होती आणि बसलेल्या माणसांचे हातच नकळत टेबल ढकलतात असे उपकरण लावून दाखवून दिले होते. तेव्हा हॅनाच्या हाताखालचे प्लँचेट एडिथच्या अक्षरात लिहू लागले, तरी ते अक्षर हॅनाने लहानपणापासून पाहिलेले असावे, म्हणजे शंकेला जागा राहते. रीजंट स्ट्रीटवरच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत २४ डिसेंबर १८६२ रोजी मोठ्या तिरप्या काचेच्या आधारे रंगमंचावर पारदर्शक भूत दाखवण्यात आले आणि ती युक्ती घरोघरी चर्चेची झाली. तुमच्या पात्रांनी ती पाहिलेली असणार. पण त्यासाठी भलीमोठी काच आणि प्रखर प्रकाश लागतो, म्हणून खलनायकाने ती जेवणघरात वापरल्याचे दाखवू नये.

शोधकाबद्दल थोडक्यात सांगता येईल. लंडनच्या पोलिसांची गुप्त शाखा १८४२ साली दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट यांच्यानिशी सुरू झाली आणि १८६८ मध्येही ती लहानच होती. गुन्हे अन्वेषण विभाग १८७८ चा. सभ्य घरातल्या माणसावर संशय घेणे या पोलिसाला महागात पडू शकते, कारण १८६० च्या रोड हिल हाउस खून प्रकरणात इन्स्पेक्टर व्हिचरने घरातल्या मुलीकडे बोट दाखवले तेव्हा त्याची छी-थू झाली, आणि त्याचे म्हणणे खरे होते हे १८६५ मध्ये तिने कबुली दिली तेव्हा कळले. कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, हा शब्द जुन्या मुंबईकरांना परका नाही. तिकडे त्याची चौकशी पुष्कळदा गावातल्या खाणावळीवजा दारूच्या गुत्त्यात भरे. आणि एक गोष्ट विसरू नये : खुनाच्या खटल्यात आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर साक्ष देण्याचा हक्क १८९८ पर्यंत नव्हता. थॉमसला पिंजऱ्यात बोलता येत नाही, एडिथला न्यायालयात बोलता येत नाही, आणि या दोघांची तोंडे म्हणून एकटी हॅना उरते. तिने आपल्याला हे कसे कळले असे सांगायचे, हाच कादंबरीचा कळसाध्याय.

शोकाचे नियम प्रेमप्रसंगांची घडण ठरवतात. आपल्या दहा-तेरा दिवसांच्या सुतकाच्या मापाने ते मोजू नयेत. विधवेला दोन वर्षे आणि त्याहून अधिक काळ काळे वस्त्र, त्यातले पहिले वर्ष चमक नसलेल्या क्रेपचे; बहिणीसाठी साधारण सहा महिने; पुरुषाला टोपीवरच्या काळ्या पट्टीवर बरेच भागत असे. मृताच्या केसांचे लॉकेट आणि व्हिटबीच्या काळ्या जेट दगडाचे दागिने चालत. हॅनाने काळे उतरवून फिकट जांभळे नेसावे आणि थॉमसने त्याविषयी काहीच न बोलता नजर वळवावी, यात चुंबनाच्या पानभर वर्णनाहून अधिक सांगून होते. भल्या घरच्या स्त्रिया पुष्कळदा दफनाला जात नसत, म्हणून हॅनाने बहिणीची कबर पाहिलेलीच नाही असे ठेवता येईल. वॉटर्लूजवळून ब्रुकवुडच्या दफनभूमीकडे १८५४ पासून खास रेल्वे धावत होती. तिच्यात मृतांनाही पहिला, दुसरा, तिसरा वर्ग होता आणि शवपेटीचे तिकीट अर्थातच एकेरी असे.

भाषेच्या बाबतीत मराठी लेखकाजवळ असे एक साधन आहे जे त्या काळच्या इंग्रजीजवळ उरले नव्हते : ‘तुम्ही’ आणि ‘तू’. हॅना आणि थॉमस सुरुवातीला एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतील. हे ‘तुम्ही’ कोणत्या प्रकरणात, कोणाच्या तोंडून आणि कोणाच्या देखत गळून पडते ते लिहिण्यापूर्वीच ठरवून ठेवावे आणि तोवर एकदाही चुकू नये. एडिथ मात्र पहिल्या शब्दापासून ‘तू’ म्हणते, आणि प्लँचेटवर लिहिणारी तीच आहे हे ओळखण्याची खूण म्हणून तेवढे पुरते. उलट हडळ, मुंजा, समंध, वेताळ हे शब्द लंडनमध्ये नेऊ नयेत, कारण त्यांतल्या प्रत्येकामागे आपल्याकडच्या मरणाची, जातीची आणि झाडा-पाराची स्वतंत्र हकीकत आहे. ‘अंगात येणे’ही टाळावे. माध्यम दिवाणखान्यात खुर्चीवर बसते, दिवा मंद करायला लावते आणि बैठक संपल्यावर बिदागी घेते. तिथे घुमणे नसते. आत्मा, आकृती, चाहूल असे साधे शब्द पुरेसे आहेत. धुके नोव्हेंबरसाठी राखून ठेवावे.

शेवटाला लग्न हवेच असेल, तर ते १८६८ मध्ये लावण्याचा मोह आवरावा. तसे लावले तर मागे सांगितलेला सारा कायदा खोटा पडतो. हॅना १८६८ मध्ये बावीस वर्षांची असेल, तर ऑगस्ट १९०७ मध्ये बंदी उठली तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होते. तो कायदाही पाद्र्याला असे लग्न लावण्याची सक्ती करीत नव्हता, म्हणून हे लग्न नोंदणी कचेरीत, एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, एडिथच्या मोठ्या झालेल्या मुलांच्या साक्षीने लावावे. नोंदवहीत सही करताना हॅनाच्या हातातली लेखणी क्षणभर स्वतःच्या मर्जीने हलली की नाही, ते मात्र सांगू नये.