रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवताना ओळखीची चूक कशी टाळावी

प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तेथून १०८ च्या रुग्णवाहिकेने जिल्हा रुग्णालयात आणि गरज पडल्यास वैद्यकीय महाविद्यालयात जाणाऱ्या रुग्णाचे नाव प्रत्येक टप्प्यावर नव्याने लिहिले जाते आणि केस पेपरचा क्रमांकही दर ठिकाणी बदलतो. चूक बहुधा याच जागी शिरते.

किमान दोन तपशील जुळल्याशिवाय औषध, रक्त किंवा शस्त्रक्रिया नको, आणि खोलीचा क्रमांक ओळख म्हणून धरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले आहे. खाटेच्या क्रमांकालाही तेच लागू पडते. आपल्याकडे हे दोन तपशील विचारपूर्वक निवडावे लागतात. अनेक वयस्कर रुग्णांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, त्यामुळे केवळ तारीख जुळली म्हणून निश्चिंत होता येत नाही. वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि गाव हेही पडताळावे. विवाहितेच्या ओळखपत्रावर माहेरचे नाव आणि केस पेपरवर सासरचे असेल, तर रेफर चिठ्ठीवर दोन्ही नावे लिहावीत.

विचारण्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची आहे. ‘सखुबाई पवार ना तुम्ही?’ असे विचारले की कमी ऐकू येणारी, घाबरलेली आजी ‘हो’ म्हणून मान हलवते. त्याऐवजी ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव कोणतं?’ असे विचारावे आणि उत्तर मनगटपट्टीशी व चिठ्ठीशी ताडून पाहावे. रुग्ण बोलू शकत नसेल तर जवळच्या नातेवाइकाला हेच विचारावे. सोबत आलेल्या शेजाऱ्याला अनेकदा फक्त हाक मारण्याचे नाव ठाऊक असते. बेशुद्ध आणि अनोळखी रुग्णाला अंदाजाने नाव देऊ नये. तात्पुरता क्रमांक, लिंग, अंदाजे वय आणि अंगावरच्या खुणा नोंदवाव्यात, आणि ओळख पटल्यावर जुनी नोंद नव्या नोंदीला जोडावी.

रुग्णवाहिका निघण्यापूर्वी पाठवणाऱ्या सिस्टरने आणि रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी पट्टी, चिठ्ठी, एक्स-रे आणि प्रत्येक सुटा अहवाल यांवरील नाव एकत्र वाचावे. पोहोचल्यावर नवी पट्टी बांधल्याशिवाय जुनी कापू नये. रक्ताच्या नमुन्याच्या ट्यूबवर नाव रक्त काढल्यानंतर, रुग्णाच्या खाटेशीच लिहावे, आधीच लिहून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूब वापरू नयेत. आणि चिठ्ठीवरचा रक्तगट ग्राह्य धरून रक्त न चढवता ताज्या नमुन्यावर तो पुन्हा तपासावा.

नवजात बाळाला तर स्वतःचे नावही नसते. त्याला आईपासून दूर नेण्यापूर्वी आईचे पूर्ण नाव, बाळाचे लिंग, जन्माची तारीख व वेळ लिहिलेली पट्टी बांधून आईला किंवा नातेवाइकांना दाखवावी, आणि जुळे असल्यास पहिले व दुसरे असा स्पष्ट उल्लेख करावा.

नातेवाइकांना एक कळकळीची विनंती आहे. योजनेचा लाभ मिळावा म्हणून भावाच्या किंवा जावेच्या कार्डावर रुग्णाला दाखल करू नका, कारण त्या नावाच्या जुन्या नोंदींतील ॲलर्जी, मधुमेह, आधीची शस्त्रक्रिया हे सारे दुसऱ्याचे असते आणि डॉक्टर त्यावरच विसंबून उपचार ठरवतात. तसे आधीच घडले असेल, तर पुढच्या रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांना खरे नाव सांगा.