हॅलोविन हॉरर नाइट्सला जाताय? या चुका टाळा

"दोनच हाउस बघून झाली हो, बाकी सगळा वेळ रांगेत गेला." ओरलँडोजवळ राहत असल्यामुळे दर ऑक्टोबरात हे वाक्य मला कुणा ना कुणाकडून ऐकावं लागतं. कधी नात्यातले असतात, कधी मंडळातले, कधी टेक्सास नाहीतर न्यू जर्सीहून खास त्यासाठी विमानाने आलेले. फार वाईट वाटतं, कारण हॅलोविन हॉरर नाइट्स हा ओरलँडोच्या युनिव्हर्सल थीम पार्कमधला भीतीचा कार्यक्रम म्हणजे जत्रेतला भूतबंगला नव्हे. १९९१ मध्ये 'फ्राइट नाइट्स' या नावाने तो मोजक्या रात्रींसाठी सुरू झाला आणि पुढच्या वर्षी त्याला आजचं नाव मिळालं. आता तो ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठरावीक रात्री चालतो. दहा हाउस, म्हणजे चालत आत जायची भुताची घरं, दरवर्षी नव्याने उभी राहतात आणि हंगाम संपला की पाडली जातात. एवढी मेहनत समोर असताना ती नुसती घाईमुळे हुकते.

दिवसाच्या तिकिटात हेही येतं असं समजणं

येत नाही. वेगळं तिकीट, तेही तारखेचं. दिवसाच्या पाहुण्यांसाठी पार्क संध्याकाळी पाचला बंद होतं आणि कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो. शिवाय तो फक्त युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा या पार्कात असतो. आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर किंवा एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्या इथल्या दुसऱ्या पार्कांत नाही.

लहान मुलांना नटवून नेणं

याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण दरवर्षी कुणीतरी हे करतंच.

माझ्या एका चुलत दिराने अटलांटाहून फोन केला. "वहिनी, गेल्या वर्षी डिस्नेच्या मॅजिक किंगडमला गेलो होतो, पोराला पिशवीभर चॉकलेटं मिळाली. हे तसंच ना?" मी म्हटलं, "अहो भाऊजी, अजिबात तसं नाही." पण तिकिटं काढून झाली होती आणि आठ वर्षांच्या मुलासाठी सांगाड्याचा पोशाखही आला होता, मुखवट्यासकट. या कार्यक्रमात पाहुण्यांना पोशाख किंवा मुखवटा घालून जाता येत नाही. कारण साधं आहे: कामावरचा भूत कोण आणि तिकीट काढून आलेला कोण, हे क्षणात कळायला हवं. सुरक्षा तपासणीपाशी त्यांना अडवलं. दीर पार्किंगपर्यंत जाऊन मुलाचे साधे कपडे घेऊन आला, त्यात पाऊण तास गेला. आत पाऊल टाकलं तर पहिल्याच स्केअर झोनमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या घाबरवायच्या भागात, धूर, अंधार आणि चेनसॉ घेऊन अंगावर धावून येणारा माणूस. चेनसॉला साखळी नसते, पण आवाज खरा असतो. पोर आईच्या कमरेला जे चिकटलं ते सुटेना. मग एकाने मुलाला घेऊन बाकावर बसायचं, दुसऱ्याने रांगेत जायचं, असं ठरलं. दोघांचं मिळून एकच हाउस बघून झालं आणि ते परत आले. पुढे कित्येक रात्री त्यांच्या घरी दिवा चालू ठेवून झोपावं लागलं.

तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी हा कार्यक्रम योग्य नाही, असं युनिव्हर्सल स्वतः स्पष्ट सांगतं. 'आमचा धीट आहे' हे मला ऐकायचं नाही. धीट मूलही रात्री अकराला, गर्दीत, रक्ताळलेल्या चेहऱ्यासमोर मूलच असतं. मुलांसाठी डिस्नेची 'मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोविन पार्टी' आहे. तिथे नटून जावं, गोळ्या-चॉकलेटं घ्यावीत, मिरवणूक बघावी. तिचंही तिकीट वेगळं असतं. माझ्याकडे पाहुणे आले की लहान मुलं माझ्यापाशी घरी राहतात आणि मोठ्यांनी निवांत जायचं, असा माझ्या घरचा नियमच आहे.

आठ वाजता पोचणं

ज्यांची 'दोनच हाउस' होतात ते सगळे याच चुकीचे बळी. ऑफिस आटोपून, जेवून, आठला आत शिरतात आणि दाराजवळ जे हाउस दिसेल त्याच्या रांगेत उभे राहतात. बाकीच्या हजारो लोकांनाही तेच सुचलेलं असतं. ऑक्टोबरातल्या शनिवारी एकेका लोकप्रिय हाउसला दीड-दोन तास सहज लागतात. त्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत दहा वाजलेले असतात, पाय बोलायला लागलेले असतात आणि मग 'एक्स्प्रेस पास (जादा पैसे भरून छोट्या रांगेतून जायचा पास) घेऊ या का?' सुरू होतं.

मी सांगते तसं करा. दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन्ही तिकिटं असतील, तर पाचला पार्क बंद होताना बाहेर पडू नका. आतच ठरवून दिलेल्या जागी थांबता येतं. त्याला 'स्टे अँड स्क्रीम' म्हणतात. नुसतं रात्रीचं तिकीट असेल तर थोडे जास्त पैसे भरून दुपारीच आत जायची सोय असते. या थांबलेल्या लोकांसाठी काही हाउस अधिकृत वेळेआधी उघडतात. दाराशी लोंढा येईपर्यंत तुमची दोन-तीन हाउस झालेली असतात. साडेसात ते अकरा ही रांगांची सर्वांत वाईट वेळ. तेव्हा स्केअर झोनमध्ये फिरा, शो बघा, एरवी तासन्तास लागणाऱ्या राइड्सवर बसा, कारण त्या रात्री तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. शेवटच्या दीड तासात पुन्हा हाउसकडे वळा. बंद व्हायच्या आधी रांगेत शिरलेल्यांना साधारणपणे आत सोडतात, म्हणून सगळ्यात आवडीचं हाउस मी अगदी शेवटाला ठेवते.

तारीख निवडताना सप्टेंबरातला बुधवार किंवा गुरुवार घ्या. तिकीटही स्वस्त पडतं. एक्स्प्रेस पासची किंमत ऑक्टोबरात बऱ्याचदा मूळ तिकिटापेक्षा जास्त असते. शनिवारशिवाय पर्यायच नसेल तर घ्या. पण सप्टेंबरातल्या बुधवारी तो घेणं म्हणजे फक्त वाट बघायची तयारी नाही म्हणून पैसे मोजणं.

आत जाऊन काहीच न बघणं

माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा हा.

हाउसमध्ये लोकांची सलग साखळी सोडतात. भीती कशी घडते हे समजलं तर त्या साखळीत कसं चालायचं ते आपोआप कळतं. डावीकडे दिवा लुकलुकतो, काहीतरी खडखडतं, तुमची नजर तिकडे जाते आणि नट उजवीकडच्या फटीतून बाहेर येतो. तो शक्यतो तुम्हाला पुढे पळवेल अशा बेताने घाबरवतो, म्हणजे रांग तुंबत नाही. पुढच्याच्या पाठीला चिकटून चाललात तर धक्का त्याला बसतो आणि तुम्हाला दिसतो तो परत फटीत जाणारा नट. तीन-चार पावलांचं अंतर ठेवा. मागून कुणी ढोसलं तरी ठेवा. थांबू नका, पळू नका, आणि नजर वर-खाली फिरवत राहा. छतापासून भिंतीवरच्या चौकटींपर्यंत तिथे लोकांनी महिनोन् महिने खपून काम केलेलं असतं.

एकदा माझ्यापुढे कॉलेजातली चार-पाच मुलं होती. फोनचा टॉर्च लावून त्यांनी चित्रीकरण सुरू केलं. ते तिथे बंदच आहे. त्या उजेडात प्रत्येक फट, प्रत्येक पडदा आधीच दिसू लागला. मागच्या सगळ्यांचं हाउस वाया गेलं. पुढे एका वळणावर नट समोर आला तेव्हा त्यातल्या एकाने हात उगारला आणि त्याच्या मुखवट्यावर मारला. कर्मचारी लगेच आले, त्याला बाहेर नेलं. मला त्या नटाचा फार कळवळा आला. ही माणसं फ्लोरिडाच्या दमट हवेत, रबरी मुखवट्याखाली, पाळीपाळीने रात्रभर तेच एक दचकवणं पूर्ण जीव ओतून करतात. ती तुम्हाला स्पर्श करत नाहीत, तुम्हीही करायचा नाही. घाबरून हात आपोआप उठतो असं वाटत असेल तर आत शिरतानाच दोन्ही हातांची घडी घाला. मी सोबतच्या प्रत्येकाला हे करायला लावते.

आणि निघण्याआधी यूट्यूबवर सगळ्या हाउसचे व्हिडिओ बघून जाऊ नका. पुढे काय येणार हे पाठ करून गेल्यावर भीती कशाची वाटणार?

आणखी काही

चपला, सँडल, नवे बूट नकोत. सहा-सात तास पायांवर असता.

सप्टेंबरात संध्याकाळी वीज-पाऊस नेमाने येतो. छत्री गर्दीत डोळ्यात जाते, पातळ रेनकोट घ्या. विजा चमकल्या की उघड्यावरचे स्केअर झोन थांबतात. अशा वेळी बरेच लोक घरी जातात. तुम्ही जाऊ नका, पावसानंतर रांगा उतरतात.

पाचच्या सुमाराला पोटभर खा. नवरात्राचा उपास असेल तर ती रात्र टाळलेलीच बरी, रिकाम्या पोटी धूर आणि गर्दीत भोवळ येते.

दारू मिळते, पण दोन पेल्यांनंतर त्या काळोख्या बोळांत स्वतःचा तोल आणि दुसऱ्याचा मान दोन्ही सुटतात. नंतर प्या.

अपस्मार, दमा किंवा गरोदरपण असेल तर हाउसमध्ये जाऊ नका. लखलखणारे दिवे आणि धूर जवळपास सगळीकडे असतात.

आत गेल्यावर फारच घाबरायला झालं तर? डोळे मिटून पळत सुटू नका, अंधारात पुढच्याला पाडाल. भिंतीच्या बाजूला व्हा आणि काळ्या कपड्यातल्या, हातात टॉर्च असलेल्या कर्मचाऱ्याला सांगा. तो तुम्हाला बाजूच्या दाराने बाहेर काढतो, आणि सोबतच्यांना रांग सोडावी लागत नाही.