ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपले खासगी कसे जपावे

इंदूरच्या विजय नगरमधल्या एका कंपनीत मी काही वर्षे सिस्टीम सांभाळत होतो. तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढून सर्व्हरवर पाठवणारे सॉफ्टवेअर होते. एकदा डिस्क भरली म्हणून जुने फोटो पुसत बसलो होतो, तर त्यात एका सहकारी ताईंचा बायॉप्सीचा रिपोर्ट समोर आला. लॅबने मेलवर पाठवलेला, जेवणाच्या सुट्टीत त्यांनी उघडलेला. संध्याकाळी त्या नेहमीसारख्या ‘दादा, प्रिंटर बघता का जरा’ म्हणत आल्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना. माझा काहीएक संबंध नसताना त्यांचे दुखणे मला कळले होते. तेव्हापासून रामबागेतल्या, सुदामा नगरातल्या ओळखीच्या कुणा मुलामुलीला नोकरी लागली की मी या गोष्टी बसवून सांगतो.

आधी कागद वाचा. ऑफर लेटरसोबत येणाऱ्या आयटी पॉलिसीत देखरेखीचे कलम बहुतेकदा असतेच, आणि आपण न वाचता सही करतो. ते शोधा. नसेल तर एचआरला मेलवर साधे विचारा: स्क्रीन रेकॉर्ड होते का, कोण पाहते, किती दिवस ठेवतात? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर तोंडी मिळाले, तरी ‘आपण असे सांगितलेत’ म्हणून मेल टाकून ठेवा.

मग मशीन तपासा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स आणि त्यात ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडले की मशीन कंपनीच्या खात्याला जोडले आहे का ते दिसते. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असेल, तर ब्राउझरवर कंपनीचे नियम लागू आहेत. आणखी एक तपासणी फार थोडे लोक करतात. लॉगिन न करता बँकेची साइट उघडा आणि पत्त्याशेजारच्या खुणेवर क्लिक करून सर्टिफिकेट, म्हणजे साइटचे ओळखपत्र, कोणी दिले ते पाहा. तिथे कंपनीचे किंवा तिच्या नेटवर्कवर पहारा देणाऱ्या फायरवॉलचे नाव असेल, तर एरवी बंद पाकिटातून जाणारा मजकूर वाटेत उघडला जातो आहे. मात्र काहीच सापडले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, अशी सॉफ्टवेअर्स लपूनही चालतात. आणि सापडले तरी स्वतः काढू नका. त्यावरून नोकरी जाऊ शकते.

खरे काम वेगळेपणाचे आहे. बँक, डॉक्टर, वकील, दुसऱ्या नोकरीचा अर्ज, घरातले भांडण, यातले काहीही ऑफिसच्या मशीनवर नको. इन्कॉग्निटोने फक्त त्या ब्राउझरमध्ये हिस्टरी राहत नाही; नेटवर्कला आणि स्क्रीनचे फोटो काढणाऱ्या सॉफ्टवेअरला सगळे दिसते. सर्वांत मोठी चूक म्हणजे क्रोममध्ये आपल्या जीमेलने साइन इन करून सिंक चालू करणे. घरी साठवलेले सगळे पासवर्ड त्या क्षणी ऑफिसच्या मशीनवर येतात. व्हॉट्सअ‍ॅप वेबचेही तसेच. संदेश एनक्रिप्टेड असतात हे खरे, पण स्क्रीनवर आलेले अक्षर कुणीही वाचू शकते. टीम्स किंवा स्लॅक या ऑफिसच्या चॅटवर दोघांतच बोललेले कंपनीला काढता येऊ शकते, आणि तुम्ही डिलीट केलेला संदेशही मागे जपून ठेवलेला असू शकतो. खासगी कामाला आपला फोन आणि आपलाच मोबाइल डेटा वापरा. ऑफिसच्या वायफायवर निदान कोणती साइट उघडली एवढे तरी दिसते.

फोनवर ऑफिसचा मेल घ्यावाच लागला, तर अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ मागा. ऑफिसच्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसची खूण येते आणि तुमचे फोटो, चॅट त्या भिंतीपलीकडे राहतात. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघडून फोन कंपनीच्या व्यवस्थेला जोडला आहे का ते पाहा. लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरतानाच’ एवढीच ठेवा.

कायदा किती साथ देतो? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. मला ही मुभा फार सैल वाटते. तरी सगळेच चालत नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई नुसार कपडे बदलण्याच्या जागी किंवा स्वच्छतागृहात कुणाच्या खासगी अवयवांचे संमतीशिवाय चित्रण करणे हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देखरेखीच्या सॉफ्टवेअरने पकडलेला पासवर्ड वापरून कुणी तुमचा खासगी मेल उघडला, तर तोही मालकाचा हक्क नव्हे. पुरावे जपून ठेवा आणि सायबर सेलकडे जा.

नोकरी सोडताना राजीनामा देण्याआधीच पगारपत्रके, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि नेमणुकीचे पत्र आपल्याकडे घ्या, कारण त्यानंतर लॉगिन कधीही बंद होते. कंपनीची फाइल मात्र एकही नेऊ नका. ब्राउझरमधून आपले खाते आणि साठवलेले पासवर्ड काढा. मग घरी येऊन फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ आणि गूगल खात्यातली उपकरणांची यादी उघडा, ऑफिसचे मशीन दिसले तर तिथूनच लॉगआउट करा आणि त्याच रात्री पासवर्ड बदला.