कोरियन धनुष्याने मोठ्या जनावराची शिकार : बाण जड, अंतर थोडं

कोरियातल्या धनुर्विद्येच्या मैदानांवर आजही १४५ मीटर दूरच्या फळीवर बाण सोडतात. इतक्या लांब पोचायचं तर बाण हलका हवा, म्हणून तिथला नेहमीचा बाण २६-२८ ग्रॅमचा असतो आणि त्याची पिसं बारीक असतात. हरणाच्या शिकारीला हे सगळं उलटं करावं लागतं. मी अमेरिकेत आल्यावर दोन वर्षं फळीवर कोरियन पद्धतीने हात बसवला, पण तो हात रानासाठी बदलायला मला आणखी एक अख्खं वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी कायदा. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे गावी जाऊन यातलं काहीही करायचं नाही. ब्रिटन आणि जर्मनीतही धनुष्याने शिकार करता येत नाही. अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड, हंगेरी या देशांत तिथल्या परवाना आणि मोसमाच्या नियमांनुसार करता येते. नियम राज्यागणिक वेगळे असतात. उदाहरणार्थ, पेनसिल्व्हेनियात हरणासाठी धनुष्य किमान ३५ पौंड ओढीचं (ओढ म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर) आणि बाणाच्या टोकाचं पातं किमान ७/८ इंच रुंद लागतं. आपल्या राज्याचं चालू वर्षाचं नियमपुस्तक वाचल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका.

धनुष्य कोणतं घ्यावं?

अस्सल कोरियन धनुष्य म्हणजे गाकगुंग, शिंगाचं धनुष्य. पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, म्हशीचं शिंग, गाभ्याला बांबू, टोकांना तुतीचं लाकूड, पाठीवर गुरांच्या कंडरांचे चिवट धागे, आणि हे सगळं जोडणारा सरस माशाच्या बोताचा, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीचा. तो मासा आपल्या घोळीच्या कुळातला. शिंगाचं धनुष्य आपल्याला परकं नाही. विष्णूचं ‘शार्ङ्ग’ म्हणजे शिंगाचंच धनुष्य, आणि मेहकरचा शारंगधर बालाजी हे नाव त्यावरूनच आलं आहे. दोरी उतरवली की गाकगुंग उलटं वळून जवळजवळ गोल होतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मोडलं असंच वाटतं.

पण ते रानात नेऊ नका. बोताचा सरस दमट हवेत सैल पडतो. म्हणून कोरियात ही धनुष्यं उबदार पेटीत ठेवतात आणि दोरी चढवण्याआधी शेकतात. ऑक्टोबरच्या पहाटे दवात चार तास बसणाऱ्याला हे जमणारं नाही. शिकारीसाठी गेर्यांगगुंग घ्या. आकार तोच, बांधणी फायबरग्लास किंवा कार्बनची. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी (व्हाइटटेल) ४५ ते ५० पौंड पुरेसे आहेत. एल्क या थोराड हरणासाठी मी ५० च्या खाली जाणार नाही. मात्र ही ओढ तुमच्या स्वतःच्या पूर्ण ताणावर मोजून घ्या. शिवाय थंडीत, अवघडून बसलेल्या अंगाने, सावकाश ओढता येईल तेवढंच वजन खरं तुमचं.

बाण आणि पातं

माझ्या मते अर्धी शिकार इथेच ठरते. नियम सोपा ठेवा : धनुष्याच्या दर पौंडामागे बाणाचं एकूण वजन किमान ०.६५ ग्रॅम. म्हणजे ५० पौंडांना साडेबत्तीस ग्रॅम, आणि ३५-३६ ग्रॅम झाले तर उत्तमच. जड बाण हळू जातो, पण हाडाला लागला तरी आत शिरत राहतो, धनुष्याचा आवाज कमी करतो आणि धनुष्यालाही सोसतो. वाढवलेलं वजन शक्यतो पुढच्या टोकाला घाला.

पातं दोन धारांचं, एकसंध पोलादाचं, लांबट घ्या. रुंदीच्या साधारण तिप्पट लांबी असलेलं पातं कमी जोरातही खोल जातं. वजन ८ ते १३ ग्रॅम. आदळल्यावर उघडणारी पाती या धनुष्याला लावू नका. ती उघडण्यातच बाणाचा जोर खर्च होतो, आणि आपल्याकडे जोर मोजकाच आहे. पाकिटातून काढलेल्या पात्याला पुरेशी धार आहे असं समजू नका. कानस, मग दगड, मग चामड्याचा पट्टा, आणि मनगटावरचे केस सहज निघाले की पातं तयार. पातं बसवल्यावर बाण टेबलावर टोकावर उभा धरून फिरवा. टोक थरथरलं तर पुन्हा बसवा.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. कोरियन पद्धतीत बाण धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या सांध्यावर टेकतो आणि बाणाचं टोक हातापर्यंत येईतो ओढायची सवय असते. फळीच्या बोथट टोकाला ते चालतं. धारेचं पातं त्याच सवयीने ओढलं तर अंगठा कापला जाईल. शिकारीचा बाण तुमच्या पूर्ण ताणापेक्षा निदान ५ सेंटिमीटर लांब ठेवा. पिसंही बदला, कारण पातं हवेत सुकाणूसारखं वागतं आणि बारीक पिसांना ते आवरत नाही. १० ते १२ सेंटिमीटरची, किंचित पीळ देऊन चिकटवलेली टर्कीची तीन पिसं लावा. पिसाच्या पुढच्या टोकावर दोरा गुंडाळून गोंद लावा. ते टोक दर बाणाला तुमच्या हातावरून जातं.

बाणाची ताठरता बिनपिसाच्या बाणाने तपासा. १० मीटरवरून पिसाचे तीन आणि बिनपिसाचा एक सोडा. कोरियन पद्धतीप्रमाणे उजव्या हाताच्या अंगठ्याने दोरी ओढत असाल तर बाण धनुष्याच्या उजवीकडे असतो. त्यामुळे बिनपिसाचा उजवीकडे गेला तर बाण ताठ आहे, पुढचं वजन वाढवा. डावीकडे गेला तर लवचिक आहे, थोडा आखूड करा, पण ताणापेक्षा जास्तीचे ते ५ सेंटिमीटर राखून. तीन बोटांनी ओढणाऱ्यांसाठी लिहिलेली माहिती इथे बरोबर उलटी लागू होते. माझे डझनभर बाण त्यातच वाया गेले.

सराव

कोरियात एक जुनं वचन आहे : पुढचा हात डोंगर ढकलल्यासारखा, मागचा हात वाघाच्या शेपटीसारखा सुटावा. पहिला अर्धा भाग जसाच्या तसा ठेवा. दुसऱ्याला आवर घाला, कारण झाडावरच्या मचाणात मागे फेकलेला हात खोडावर आपटतो. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ओढत खाली आणण्याची पद्धतही रानात चालत नाही, हरणाला ती हालचाल लगेच दिसते. छातीच्या उंचीवरून, बसून, कमरेतून वाकून ओढायला शिका. हे धनुष्य आखूड असल्याने मचाणात फांद्यांना अडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

१४५ मीटरच्या नेमाची सवय असलेल्याचा बाण १५ मीटरवर डोक्यावरून जातो. जवळचा नेम वेगळाच शिकावा लागेल. शिकारीचे जाड कपडे घालूनच सराव करा. बाहीला किंवा टोपीच्या कडेला दोरी लागली की बाण भरकटतो. अंगठ्याची अंगठी, म्हणजे कक्जी, दोऱ्यात ओवून गळ्यात ठेवा. दोरीवर लोकरीचे छोटे गोंडे बांधा, म्हणजे आवाज मरतो.

प्रत्यक्ष बाण सोडताना

अंतर १५ मीटर, फार तर १८. जड बाण सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे १५ मीटरला ०.३ सेकंद. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानात पोचतो. ३० मीटरवर हरणाला खाली दबायला पुरता वेळ मिळतो आणि तुमचा बाण पाठीत किंवा पोटात बसतो. ते जनावर दिवसभर तडफडेल. म्हणून लांबचा बाण सोडूच नका, शिंगं कितीही मोठी असली तरी.

हरीण आडवं उभं असावं, किंवा किंचित पाठमोरं. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेलगत, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागाच्या जरा वर नेम धरा. तिथे दोन्ही फुप्फुसं असतात. समोरून किंवा थेट मागून बाण सोडायचा नाही.

बाण लागल्यावर जागेवरच थांबा. हरीण शेवटचं कुठे दिसलं तिथली खूण लक्षात ठेवा आणि मग बाण शोधा. त्यावर फेसाळ, तांबडं रक्त असेल तर फुप्फुस, अर्ध्या तासाने निघा. काळपट रक्त म्हणजे यकृत, चार तास तरी थांबा. हिरवट, उग्र वासाचं काही दिसलं तर आतडं. मग आठ-दहा तास त्याच्या मागे जाऊ नका. घाईने पाठलाग केलात तर ते उठून मैलभर जाईल आणि सापडणार नाही.

सापडल्यावर सोलायची घाई करू नका. आधी बाण पुरता मोजा : पातं, दांडा, मागची खाच. कार्बनचा दांडा आत मोडला असेल तर त्याच्या कुसळांसारख्या चिरफळ्या मांसात राहतात, तेवढा भाग कापून टाकून द्या. आणि पातं कुठे आहे हे कळेपर्यंत पोटात हात घालू नका.